आठपट कोठी

आज सून वर्षभराच्या गव्हाला एरंडेल चोळत होती. तो वास आला आणि शकू, माझी बायको, एकदम समोर उभी राहिली. तिला जाऊन अजून वर्ष व्हायचंय.

हिंदी मुलखातल्या मिलमध्ये मी नोकरीला होतो, तेव्हा माझे दोघं भाऊ आमच्याकडे राहायला आले होते, म्हणून गहू दुप्पट लागणार होता. धान्याची जुनी पत्र्याची कोठी लांबी-रुंदी-उंचीला दोन-दोन फूट होती. मी म्हटलं, नवी चार-चार फुटांची करू.

शकूने धुण्याच्या साबणाचा एक चौकोनी तुकडा ठेवला आणि शेजारी तसेच आठ, चार-चारच्या दोन थरांत रचले. "अहो, प्रत्येक बाजू दुप्पट केली की आठपट होतं. नुसती उंची वाढवा."

"मी मिलमध्ये फिटर आहे. मला माप शिकवतेस?" मी खेकसलो. ती सातवी पास, मी चौथीत शाळा सोडलेली.

माझ्या मापाची कोठी आली, ती दारातून आत जाईना. गल्ली जमली. शेजारी ओरडला, "भिया, इसमें गेहूँ भरोगे कि किराएदार?" माझे कान तापले. आता मिलमध्येही कळणार!

तेवढ्यात शकू पदर खोचून बाहेर आली. "मैंने ही बोला था बड़ी बनवाने को. मेरा हिसाब गलत हो गया, भाईसाब."

सगळे तिला हसले. तीही मजेत हसली. मी सुटलो, एवढंच वाटलं.

आज सुनेला खरं सांगून टाकलं. ती पोट धरून हसली. हसू दे. ते हसणं माझ्याच वाट्याचं होतं.