अक्का आणि पुढचं डावं चाक

अक्कांचा चेहरा मला नीट दिसला तो ओळख होऊन तासभर झाल्यावर. तोवर नुसता आवाज, तोही चाकाजवळून, खालून. मी माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर बसलेली आणि उतरायची परवानगी नाही. "ट्रॅकवर गाडी रिकामी धावणार आहे का? तुझं वजन तुझ्याबरोबरच येणार, अल्वा, हो की नाही? मग बस." बाथरूमला जायचं म्हटलं तरी अक्का तांदळाचं पोतं आणून सीटवर ठेवायला लावायच्या आणि मगच मला सोडायच्या.

येलहंक्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अक्का रेसच्या गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करायच्या. घराणं बंगळूरमध्ये कितीतरी पिढ्यांचं, त्यामुळे मराठीत निम्मं कन्नड. नोकरी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, सुट्या भागांच्या तपासणीची प्रमुख म्हणून. तिथल्या एका रेसवेड्या सहकाऱ्यामुळे हा नाद लागला आणि निवृत्तीनंतर तोच उद्योग झाला. मी बेळगावची, नोकरी सर्जापूर रोडला, आणि हौसेला घेतलेली दोन सीटांची सेकंडहँड स्पोर्ट्स कार. अख्खं शहर ओलांडून येलहंक्याला पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला यायचा. अक्कांना त्याचं काही नाही. पाणीसुद्धा न विचारता दारातच प्रश्न: "गाडी कुठे ऐकत नाही?"

मी म्हणायचे, वळणात जड वाटते. झालं, सुरू. कुठल्या वळणात? शिरताना की बाहेर पडताना? ब्रेक सोडल्यावर की त्याआधीच? मला उत्तर येत नसे. "मग परत जा, चालव आणि बघून ये. का होतंय ते कळल्याशिवाय मी पाना हातात धरत नाही." डोकं खायच्या अगदी. मीही हटायची नाही, तोंडाला तोंड द्यायची. पण गाडी चालवताना माझं लक्ष हळूहळू हातापायांत, सीटच्या पाठीत, टायरच्या आवाजात जायला लागलं, हे मान्य केलं पाहिजे.

गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरा ताणून त्या चाकांची दिशा मोजत. पुढची चाकं नखभर बाहेर वळवली की गाडी वळणात झटकन शिरते, पण सरळ रस्त्यावर भिरभिरते. शिवाय वळणात गाडी बाहेरच्या अंगाला झुकते, म्हणून पुढची चाकं वरून आत कललेली ठेवायची. म्हणजे ऐन वळणात टायर रस्त्यावर सपाट बसतो. सिग्नलला लोक माझी फेंगडी चाकं बघून काच खाली करायला लावत आणि अपघात झाला का विचारत. एका वेळी मात्र एकच बदल. मी घाई केली की अक्का म्हणायच्या, "दोन मसाले एकदम घातलेस तर चव कशानं बदलली ते कसं कळणार?"

गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की मधोमध धूसर. आहे तेवढं टिकलं तरी नशीब, असं डॉक्टर म्हणाले. म्हैसूरची मुलगी कायमची ये म्हणून मागे लागली. अक्कांनी मला बोलावलं आणि सरळ सांगितलं, "तुझ्या गाडीची चाकं मी एकटी लावते. ट्रॅकवर चालव आणि सांग. बरोबर असेल तर शेड चालू राहील. नसेल तर कुलूप."

"मीच का?"

"बाकीचे मला मान देतात. तू भांडतेस."

ट्रॅकवर त्या सोबत आल्या, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या. डाव्या वळणात गाडी लोण्यासारखी वळली. उजव्या वळणात पुढचं तोंड बाहेर जायला लागलं. माझंच चुकत असेल म्हणून पुढची फेरी जपून मारली. माझं चुकत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, फेऱ्या संपूच नयेत, अक्कांसमोर थांबावंच लागू नये.

हेल्मेट काढायच्या आत त्या म्हणाल्या, "सांग."

"डावीकडे छान. उजवीकडे तोंड बाहेर जातंय."

"का?"

उजव्या वळणात भार बाहेरच्या, म्हणजे डाव्या चाकावर येतो, म्हणून मी पुढच्या डाव्या चाकाला कल मोजायचा गेज लावला. गेजच्या नळीतला बुडबुडा हव्या त्या रेघेपासून लांब होता. उजवं चाक हवं तसं कललेलं, डावं जवळजवळ ताठ उभं. अक्का माझ्या खांद्याला धरून वाकल्या. "रेघा मोजताना चुकले. स्वल्प कमी पडलं का?"

"स्वल्प नाही अक्का. बरंच."

"सरी, ठीक आहे," म्हणाल्या.

परतताना मीच बडबडत होते. मापं मी वाचेन, तुम्ही नुसतं सांगा, दर शनिवारी येईन. "मग ते तुझं काम झालं," एवढंच त्या बोलल्या. येलहंक्यात गेटपाशी गाडी थांबवली तरी उतरेनात.

"मला वाटलं होतं, आज तरी तू भीड धरशील," त्या म्हणाल्या. "मग अजून एक वर्ष ढकललं असतं मी."

त्यांनी माझा हात दाबला, "बरं केलंस," म्हणाल्या, आणि उतरून शेडला कुलूप लावायला गेल्या.