आधी उलटं कर

कोणतीही वस्तू समोर आली की अण्णा ती आधी उलटी करायचे. मिक्सर असो, रेडिओ असो, भिंतीवरचं घड्याळ असो. तोंडाकडे बघायचं नाही, थेट बुडाकडे. चष्मा कपाळावर सरकवायचा, वस्तू नाकाशी न्यायची आणि खाली चिकटवलेली पट्टी वाचायची. मग एकच प्रश्न, "मोजलं का?"

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांनी आणलेला मिक्सर त्यांनी सगळ्यांदेखत पालथा घातला. कुणीतरी हौसेनं भांड्यात पेढे भरून ठेवले होते, ते व्याह्यांच्या धोतरावर सांडले. अण्णा पट्टी वाचून म्हणाले, "व्होल्टेज बराबर हाय. पुढं चालू द्या."

असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. माझ्या तर डोक्यावरच राहायचा. शाहूपुरीत खाली माझं वजनकाट्यांचं दुकान आणि वर अण्णांची खोली. सरकारच्या वायरलेस खात्यातून ते रिटायर झालेले. कोण कोणत्या लहरीवर बोलतो, त्याला परवाना आहे का, हे तपासत त्यांनी नोकरीभर देश पालथा घातला होता. मूळचे सीमेकडचे, त्यामुळे रागावले की कानडीत, आकडे इंग्रजीत आणि मला हाक मारताना "तम्मा". तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. सकाळी माझं शटर वर गेलं की जिन्यावर त्यांची काठी वाजायची आणि मी दोन चहा सांगायचो. हा चहा लक्षात ठेवा. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

तक्रारीचा पहिला हप्ता नव्वदच्या दशकातला. आखातातून आलेला बिनवायरचा फोन घरात असणं तेव्हा मोठेपणाचं होतं. समोरच्या गुळाच्या व्यापाऱ्याने तसला एक घेतला. एका दुपारी मी गाणी शोधत रेडिओचा काटा शेवटाला नेला, तर शेठ बोलायला लागले. रोज बोलायचे. माझा मेव्हणा गुळातच होता, तेव्हा शेठचा आतला दर मी त्याला कळवायचो. सगळं सुरळीत चाललं होतं. एक दिवस अण्णांनी चहा पिता पिता ते ऐकलं, कप ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग.

"शेठ, ह्या फोनला परवाना न्हाई."

"मग? पोलिसात जातासा?"

"न्हाई जात. पण तुम्ही दर सांगितला की सगळ्या पेठंला रेडिओवर ऐकू येतोय."

अण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आत शेठने फोनच्या डब्याची वायर भिंतीतून उपटली. मेव्हणा त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही.

आता मोठं प्रकरण. दोन हजार सालानंतर आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याला गेटवर नवी यंत्रणा हवी होती. उसाच्या ट्रॉल्या नंबराला थांबतात आणि ओळखीपाळखीने मागची ट्रॉली पुढे जाते. त्यावर रोज मारामाऱ्या. उपाय असा, की प्रत्येक ट्रॉलीला एक टॅग लावायचा. गेटवर रीडर बसवायचा. ट्रॉली खालून गेली की रीडर रेडिओलहरीने टॅग वाचणार आणि नंबर आपोआप कॉम्प्युटरवर पडणार. मधे माणूस नाही, वशिला नाही. हे काम मला पाहिजे होतं. भाजीवाल्यांचे तराजू दुरुस्त करत मी वर आलो. लोक अजून "काटेवाला" म्हणून हाक मारायचे. हे काम मिळालं असतं तर कारखान्याच्या गेटातून गाडी आत गेली असती आणि वॉचमनने सलाम ठोकला असता. माझं सगळं मन त्यात गुंतलं होतं.

मुंबईत एकाकडे रीडरचा अख्खा लॉट पडून होता. मी भाव असा घासला, असा घासला, की तो रडकुंडीला आला तेव्हाच थांबलो. एवढ्या लवकर तो का रडला, हे विचारायचं तेवढं राहिलं.

कारखान्याची अट होती, की यंत्र सरकारी नियमात बसतं असं वायरलेसच्या जाणकाराने सही करून द्यायचं. जाणकार म्हणून त्यांनी नेमलं कुणाला, तर अण्णांना. मला आनंदाने रात्रभर झोप नाही. सकाळी चहाबरोबर खारीसुद्धा मागवली आणि रीडर पुढे ठेवला. अण्णांनी तो उलटा केला.

"नऊशे दोन ते नऊशे अठ्ठावीस मेगाहर्ट्‌झ. तम्मा, हे अमेरिकेचं हाय."

"म्हणजे चांगलंच की!"

"अमेरिकेत चांगलं. आपल्याकडं सरकारनं आठशे पासष्ट ते आठशे सदुसष्ट खुलं केलंय. तेवढ्यात बसाय पायजे."

आता मी काही लहरींचा तज्ज्ञ नाही, पण भाव कसा तोडायचा ते मला कळतं. "असं करूया अण्णा. तुम्ही थोडं वर या, मी थोडं खाली येतो. आठशे ऐंशीला तोडूया."

"आठशे ऐंशीला दुसरा बसलाय."

"बरं, माझं ऱ्हाऊ द्या, तुमचं बी ऱ्हाऊ द्या. नऊशेला करा."

"तिथं मोबाईलवालं हायत. त्याच लहरीवर लोकांचे फोन टॉवरशी बोलत्यात. तू मधे वरडायला लागलास तर टॉवरला ऐकू काय येणार?"

"मग सही?"

"न्हाई."

"इतकी वर्सं चहा पाजलाय की ओ तुम्हाला!"

"चहा बरा असतोय," अण्णा उठता उठता म्हणाले, "साखर जरा जास्त."

दुसऱ्या दिवशी मी एकच चहा सांगितला आणि त्यांच्यासमोर फुर्रकन प्यालो. त्यांनी माझा रिकामा कप उलटा करून बघितला आणि वर गेले.

सही नाही तर नाही. चेअरमनना मी म्हटलं, आधी डोळ्यांनी बघा, मग कागद. प्रात्यक्षिक ठरलं. सल्लागार म्हणून अण्णांनाही बोलावणं होतं आणि कारखान्याने फोनवर सांगितलं, "एकाच बिल्डिंगमध्ये राहता, तेव्हा तुमच्याच गाडीतनं घेऊन या."

पहिली ट्रॉली गेटातून गेली. टीं! नंबर पडला. दुसरी, टीं. तिसरी, टीं. ड्रायव्हर लोकांनी शिट्ट्या मारल्या. चेअरमन खूश, संचालकांना सांगायला त्यांनी मोबाईल काढला.

"हॅलो? हॅलो! आरं, आवाज कुठं गेला?"

कुंपणाला लागूनच टॉवर उभा, आणि एकाचाही फोन लागेना. हेडक्लार्क खुर्चीवर चढून हॅलो करत होता. शेवटी एक ड्रायव्हर म्हणाला, "सायेब, हे मशीन बंद केलं की माझा लागतोय. चालू केलं की गेला."

"काय ओ अण्णा, काय भानगड हाय?" चेअरमननी विचारलं.

मी अण्णांकडे असं बघितलं, की दगड विरघळला असता. फोनचं काय, तेव्हा दिवसातून चारदा जायचे. नुसतं "नेटवर्क" म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"चेअरमनसाहेब, तुमच्याकडं पाण्याची पाळी असती न्हवं?"

"असती की."

"मशीन चांगलं हाय. पण ते दुसऱ्याच्या पाळीचं पाणी घ्यायलंय."

सगळं गेट माझ्याकडे वळलं. रात्री पाट फोडताना सापडलेल्या माणसाकडे बघतात तसं. अण्णा इंग्रजीत बोलले असते तर मी तासभर वाद घातला असता. पाण्याचं नाव काढल्यावर इथे कुणाशी वाद घालणार?

आणि परत येतानाही त्यांना माझ्याच गाडीतून आणावं लागलं. शिरोलीचा फाटा आला. तिथे एक टपरी दिसली.

"तम्मा, चहाला थांबायचं?"

मी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली.

महिन्याभराने पुण्याची एक कंपनी तेच काम घ्यायला आली. टाय लावलेली माणसं, चकचकीत यंत्र, खालची पट्टी अगदी बरोबर. अण्णांनी पट्टी वाचली, "मोजलं का?" म्हणाले आणि स्वतःच मोजलं. लहरींची ताकद नियमापेक्षा जास्त निघाली. पुणेकर परत गेले. ही बातमी आली त्या सकाळी मी पुन्हा दोन चहा सांगितले. एकात साखर कमी.

अमेरिकेचा लॉट मी त्याच मुंबईवाल्याच्या गळ्यात परत मारला. कसा, ते विचारू नका. नवे रीडर आणले, आपल्याकडे चालणाऱ्या लहरींचे. पण तोवर अण्णांचं जिना उतरणं बंद झालं होतं. मीच रीडर घेऊन वर गेलो. ते अंथरुणावर होते. त्यांनी मागायच्या आत मी रीडर उलटा केला आणि त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चांगला जड होता.

"आठशे पासष्ट... बरं हाय."

"मग करा की सही. पेन आणलाय."

"मोजलं का?"

"तुमचा मीटर कपाटात हाय, काढतो. मोजा."

त्यांनी हात पांघरुणाबाहेर काढून मला दाखवला. थरथरत होता. "असल्या हातानं मोजायचं न्हाई तम्मा. हात थांबू दे."

मी जन्मभर काटे विकले. हलत्या हाताने तोलू नये, हे मला कुणी सांगायला नको. पेन खिशात घातला आणि खाली आलो.

हात थांबला तो कायमचाच. सही राहिली ती राहिलीच.

कारखान्याने दुसरे सल्लागार नेमले. भला माणूस. दुकानात आला, चहा घेतला आणि पेन काढून म्हणाला, "कुठे करू सही?" रीडर अजून खोक्यातच होता. खरं तर मी पेढे वाटायला हवे होते.

"आधी उलटं करा!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो, की समोरचे शेठ दारात आले.

"अहो, माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माझा न्हाई! उलटं करा, वाचा, मग गेटावर चला आणि मोजा!"

भर उन्हात बिचाऱ्याने मोजलं. बरोबर भरलं. काम मला मिळालं आणि वॉचमन सलामही ठोकतो. पण दुकानात तो सहीचा कागद बघितला की माझं डोकं अजून फिरतं. इतकी वर्षं चहा प्याले आणि सही दुसऱ्याची!

गेटवरचे रीडर मी बूड रस्त्याकडे करून उलटे बसवले आहेत, पट्टी खालून दिसावी म्हणून. नियमात तसं काही नाही. हंगाम सुरू झाला की एखादा नवा ड्रायव्हर ट्रॉली थांबवून ओरडतोच, "ओ पावणं, मशीन उलटं बसवलंय की तुमी!"

"बराबर बसलंय! खाली काय लिवलंय ते वाच!"

तो मान वाकडी करून एकेक आकडा वाचायला लागतो, आणि मागच्या ट्रॉल्या हॉर्न वाजवत राहतात.