पायांत उतरलेला पाढा

पोरांना वर्गात स्वस्थ बसवणं हा अन्याय आहे, असं मानणारा माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होता, आणि तो जानेफळला आमचा मास्तर होता. "डांगर बसल्या जागी पिकते बे, पोरगं नाही," असं म्हणत ते धोतर खोचायचे आणि आम्हाला बसकरं गुंडाळायला लावायचे. नवं राज्य नुकतंच झालं होतं. आम्हीच त्याचे जिल्हे होऊन सारवलेल्या जमिनीवर उभे राहायचो आणि पैनगंगा झालेला पोरगा आमच्यामधून धावत जायचा. व्याकरणात कर्ता उभा, कर्म बसलेलं, क्रियापदानं वर्गाला फेऱ्या मारायच्या. एकदा घामाघूम होऊन घरी गेलो तर माय म्हणाली, "काऊन रे, कोठं उंडारत होता?" म्हटलं, "आज मी क्रियापद होतो." दुसऱ्या दिवशी ती शाळेत हजर. "मास्तर, लेकरू तापातून उठलं हाये. दोन दिस त्याले कर्म करा." पाढे मात्र बैठकांवर, एका बैठकीला एक पायरी. माझं डोकं मुळातच जड, पण तेराचा पाढा मांड्यांत पक्का बसला.

शाळा तपासणाऱ्या साहेबांना हे पसंत नव्हतं. पुन्हा वर्गात तालीम दिसली तर बदली, असं ते बजावून गेले होते. म्हणून पुढच्या खेपेला मास्तरांनी आम्हाला भिंतीशी मूर्तीसारखं बसवलं. साहेबांनी नेमकं मलाच विचारलं, "तेरा सत्ते?" बसल्या जागी काही आठवेना. गप्प राहावं तर मास्तरांनी शिकवलंच नाही असं ठरणार, उठावं तर बदली. मास्तर आढ्याकडे पाहत होते. मी उठलो, सात बैठका मारल्या आणि म्हटलं, "एक्याण्णव."

"हे काय, मास्तर?"

"साहेब, पोराचं पाठांतर पायांत हाये."

बदली झाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, वरवट बकालला. एसटीपाशी मी रडत म्हणालो, "मास्तर, माह्यामुळं झालं." चढलेले मास्तर खाली उतरले आणि माझी पोटरी दाबून म्हणाले, "उत्तर बरोबर होतं ना बे? मंग?"

पुढच्याच वर्षी माझी शाळा सुटली. आता इतक्या दूर, सुरतेच्या गोदामात, कोणी कापडाचे तागे मोजायला सांगितले की अजून तोंड उघडायच्या आधी गुडघे वाकतात. सोबतचे हसतात. हसू देत, उत्तर बरोबर येतं. मास्तर, तिकडे तुम्हाला कोणी स्वस्थ बसवलं तर नाही ना, एवढंच कळायला हवं होतं.