बाबांना ऐकू जाईल असा आवाज

आमच्या घरात आवाज फारसा लागायचा नाही. बाबा कापडाच्या गिरणीत वीव्हिंग मास्तर होते आणि मागांच्या खात्यात कुणाचंच बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठांनी बोलतात. आवाज न काढता शब्द नीट तोंडात फिरवायचा, समोरचा तो बघून घेतो. बाबांनी ही सवय घरी आणली. आई चुलीपाशी बसून नुसते ओठ हलवायची, "भात वाढू?" आणि बाबा दारातून मान डोलवायचे. मीही तसंच बोलायला शिकले. मिशनच्या शाळेत सिस्टर मला उभं करून "लाउडर, चाइल्ड, लाउडर" म्हणायच्या, तेव्हा मला खरंच वाटायचं, यांना माझे ओठ दिसत नाहीत का?

ठाण्याला खाडीच्या बाजूला एका आगरी मालकाच्या वाडीत आमच्या दोन खोल्या होत्या. तिथून इंग्रजी शाळेत जाणारी मी एकटीच. मालकीणबाई विहिरीवरून ओरडायच्या, "चालली गो आमची मड्डम!" मी खाली मान घालून पुढे जायचे. मी लाजाळू आहे असं सगळे म्हणत. माझ्या मते मी फक्त हळू बोलत होते.

स्वातंत्र्याला दोनतीन वर्षं झाली असतील. कापूस येत नाही, माल उठत नाही, असं मोठी माणसं म्हणायची. आधी रात्रपाळी गेली आणि मग एक दिवस गिरणीचा भोंगा वाजला नाही. वाडीतल्या बायका भोंग्यावर चूल पेटवायच्या. त्या दिवशी सगळ्यांचं सगळंच उशिरा झालं. पुढे पुरुष मिठागराच्या बांधावर जाऊन बसू लागले. शेजारचं बिऱ्हाड गावी परत गेलं, जाताना तुळशीची कुंडी आमच्या दारात ठेवून गेलं. कल्याणच्या छावणीतली एक सिंधी बाई पापड विकायला यायची. आई तिला पाणी द्यायची, पापड घ्यायची नाही, आणि ती बाईही ते समजून टोपली न उघडताच बसायची.

माझी शाळा त्याच वर्षी संपली. एका रंगाच्या कारखान्याला टेलिफोनवर बसायला इंग्रजी येणारी मुलगी हवी होती, सिस्टरनी माझं नाव सुचवलं. दसऱ्यापर्यंत उमेदवारी, काम पटलं तर कायम. मला आनंदच झाला. टेलिफोनवर कुणी आपल्याला बघत नाही.

मी कामावर जाऊ लागले त्या दिवसापासून आई माझ्या डब्यात गव्हाची पोळी घालू लागली. रेशनवर गहू थोडाच मिळायचा, बाकी कसलीशी तांबडी ज्वारी. पोळी आधी बाबांच्या डब्यात जायची. डबासुद्धा तोच होता.

टेलिफोनच्या बोर्डावर माझ्या शेजारी हेड ऑपरेटर बसायच्या. वसईकडच्या ख्रिस्ती बाई, फ्रॉक घालणाऱ्या, केस पांढरे. बोर्डावरचं एखादं छोटं झाकण खटकन पडलं की कुठल्या खात्याचा फोन आहे ते बघायचं, त्याच्या भोकात दोरीचं टोक खुपसायचं, नंबर विचारायचा, आणि तोच नंबर मोठ्याने परत म्हणून जोडून द्यायचा. दोऱ्यांचं काम मी पटकन शिकले. पण पलीकडून सारखं "हॅलो? हॅलो? कोई है?" यायचं. साहेब लोक वैतागून फोन आपटायचे.

"अगं बाय," हेड ऑपरेटर एकदा म्हणाल्या, "तू नंबर सांगतेस की फादरपुढे कन्फेशन करतेस?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुझी रोज तक्रार येते. मी आजवर दाबून ठेवली. दसऱ्याला साहेब मला विचारणार, तेव्हा मी खोटं नाही बोलणार. घरी कमावणारं कोण आहे?"

"मीच," मी म्हणाले. तेही त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

घरी मी सांगणार नव्हते. पण बाबांपासून काही लपवणं कठीण. माझे ओठ नुसते थरथरले तरी त्यांना वाचता येत. सगळं ऐकून ते म्हणाले, "एवढंच ना? मागांनी माझे कान गेलेत. मला ऐकू गेलं की जगाला ऐकू जाईल."

दुसऱ्या दिवसापासून मी कामावरून आले की बाबा विहिरीच्या कठड्यापाशी जाऊन बसायचे आणि मी आमच्या दारात उभी राहून आकडे म्हणायचे. बाबांनी हात वर केला की ऐकू गेलं. मग ते आकडा परत म्हणायचे.

"सहा, शून्य, चार."

हात वर. "सहा, शून्य, चार!"

"कोनाला हाका मारतंस गो मड्डम?" मालकीणबाई पाणी शेंदताना विचारायच्या. बाबा त्यांना सांगायचे, "परीक्षा चालू आहे, मध्ये बोलू नका." मालकीणबाई पदर तोंडाला लावून हसायच्या, पण कळशी मात्र आवाज न करता ठेवायच्या.

बाबांचा एकही आकडा चुकला नाही. आणि बोर्डावर पलीकडून "हॅलो? हॅलो?" तसंच चालू होतं. मला कळेना.

एका संध्याकाळी मला घरी यायला उशीर झाला, दिवे लागायची वेळ होऊन गेलेली. मी दारात उभी राहून सुरुवात केली. बाबांनी हात वर केला नाही. मी परत म्हटलं. ते डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिले आणि मग उठून म्हणाले, "राहू दे आज. अंधार झाला, काही ऐकू येत नाही."

बोलले आणि स्वतःच थांबले.

आई दारात कंदील घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. इतके दिवस ते माझे ओठ वाचत होते. फसवत नव्हते. त्यांना वाटत होतं की आपल्याला ऐकू येतंय. कान किती गेलेत हे त्यांनाही त्या संध्याकाळीच समजलं असावं. ते परत कठड्यावर बसले. मी जवळ जाऊन कठड्याला टेकून उभी राहिले.

ते म्हणाले, "उद्यापासून मी पाठ करून बसतो."

दुसऱ्या दिवशी बाबा आमच्याकडे पाठ आणि खाडीकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, हात हलला नाही. मी ओरडले, तेव्हा तिसऱ्या बिऱ्हाडातलं तान्हं रडायला लागलं, पण हात हलला नाही. बाबा वळून म्हणाले, "बारीक आवाज माझ्यापर्यंत येतच नाही, बाळ. किंचाळू नकोस. पोटातून काढ. जाड काढ, सावकाश काढ. मागाचा धोटा अडला की मी लांबून ओळखायचो, तो आवाज मोठा नसायचा, खालचा असायचा."

मला लाज वाटत होती. तसा जाड आवाज काढणारी मुलगी मी पाहिली नव्हती. पण बाबांची पाठ समोर होती आणि पाठीला बघता येत नाही. मी कशी दिसते याचा तिला पत्ताच नव्हता. मी छातीवर हात ठेवला, तिथे थरथर लागेपर्यंत आवाज खाली नेला. कितीतरी संध्याकाळी असंच चाललं. आई तांदूळ पाखडताना मध्येच सूप थांबवून बाबांच्या हाताकडे बघायची. आणि एकदा "नऊ, दोन, पाच" म्हटल्यावर तो हात हळूच, खात्री नसल्यासारखा, वर गेला.

"नऊ, दोन..." बाबा खाडीकडे तोंड करूनच म्हणाले, "पाच का?"

"पाच गो, पाच!" विहिरीवरून मालकीणबाईच ओरडल्या.

बोर्डावर तो आवाज मी पहिल्यांदा काढला तेव्हा हेड ऑपरेटरनी चमकून माझ्याकडे पाहिलं, जणू दुसरीच कुणी येऊन बसली होती. पलीकडच्या साहेबांनी "थँक यू" म्हटलं आणि फोन शांतपणे ठेवला. पुढचे काही दिवस त्या आपला हेडफोन माझ्या लाइनवर लावून गुपचूप ऐकायच्या. मला कळायचं, मी कळल्याचं दाखवलं नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर येऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "झालं गं बाय. पर्मनंट."

घरी आले तेव्हा बाबा मागच्या दारात, पाठमोरे, छत्रीची काडी दोऱ्याने बांधत बसले होते. आई घरात नव्हती. मी उंबऱ्यातच उभी राहिले आणि छातीवर हात ठेवून, खालच्या आवाजात, सावकाश म्हटलं, "बाबा, मला कायम केलं."

ते वळले नाहीत. त्यांनी फक्त हात वर केला. हातात छत्रीचा दोरा होता, तोही वर गेला. तो हात बराच वेळ खाली आला नाही.

खंडेनवमीला बाबा दरवर्षी आपल्या मागांना झेंडूची माळ घालायचे. यंदा गिरणीच बंद, त्यांनी माळेचं नावही काढलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा उचलला तर तो ओल्या फडक्यात बांधलेला होता. फडकं सोडलं तर डब्यावर झेंडूची माळ होती, मध्ये आंब्याची पानं, मागाच्या मापाची, म्हणून आमच्या बोर्डाला फार लांब.

"दोन वेढे घाल," बाबा म्हणाले, आणि माझे ओठ काय म्हणतात ते बघायला थांबले नाहीत.