शहाण्णव नकार

घड्याळजीचे दुकान शनिवारी बंद असे, आणि त्याचे कारण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. दुरुस्तीला टाकलेले घड्याळ शुक्रवारी संध्याकाळपर्यंत नेले नाही, तर ते थेट सोमवारी मिळे. मग कुणाची गाडी चुको की कुणाची परीक्षा. शनिवारी तो रेसकोर्सवर.

आपण जुगारी नाही, असे तो म्हणे. त्याच्या वह्या पाहिल्या तर ते पुष्कळसे मान्य करावे लागते. जुगारी माणूस जिंकलेले दिवस ठळक लिहितो आणि हरलेले लिहायला विसरतो. या वह्यांत दोन्हींची शाई एकच आहे. प्रत्येक घोड्याला एक पान आणि प्रत्येक धावेला एक ओळ. ओळीत तारीख, अंतर, पाठीवरचे वजन, मैदान कोरडे होते की ओले, आणि घड्याळजीने स्वतःच्या स्टॉपवॉचवर घेतलेली वेळ. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढवतात आणि सुमाराच्या पाठीवर कमी, म्हणजे शेवटी सगळे खांद्याला खांदा लावून यावेत. पण ही वजने ठरवणाराही माणूसच, आणि तो कुठे अर्धा किलो चुकला आहे हे हुडकणे एवढेच आपले काम, असे घड्याळजीचे म्हणणे. बंद पडलेल्या घड्याळात तो जसा एक डोळा मिटून पाही, तसाच रेसबुकातही पाही.

"सवत आणली असतीत तर बरं झालं असतं," बायको म्हणे. "तिच्याशी निदान भांडता तरी आलं असतं. या वह्यांशी काय बोलायचं?"

तो हसे आणि पान उलटे.

एकेका घोड्यावर पैसे लावण्यात त्याला गोडी नव्हती. त्याचा जीव जॅकपॉटमध्ये: लागोपाठच्या पाच शर्यतींचे पाचही विजेते पहिली शर्यत सुटण्याआधी सांगायचे. पहिलीत तीन घोडे घेतले आणि दुसरीत दोन, की सहा तिकिटे झाली. चौथीत चार आणि पाचवीत पुन्हा दोन घेतले, की अठ्ठेचाळीस. हे अठ्ठेचाळीसवर थांबते, कारण तिसरीत एकच घोडा घेतलेला असतो. तो बँकर. बाकीच्या शर्यतींत शंका परवडावी म्हणून एका शर्यतीत शंका ठेवायची नाही, हे या खेळाचे मर्म. बँकर पडला की पाचही शर्यती पाण्यात.

वह्या घड्याळजीच्या होत्या, पण जॅकपॉट दोघांचा होता. दुसरा वाटेकरी त्याचा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. तो नालबंद. रेसकोर्सच्या रस्त्यापलीकडच्या दोन लहान तबेल्यांतल्या घोड्यांना तो नाल मारी. घरात सगळे त्याला दादा म्हणत, आणि घड्याळजीही तेच म्हणे. दादाला आकड्यांचे वावडे नव्हते, पण वेडही नव्हते. पहिल्या शर्यतीआधी त्या दिवशी पळणारे घोडे पॅडॉकमध्ये आणून गोल फिरवत, तिथे तो कठड्याला टेकून उभा राही. निवडलेल्या घोड्यांपैकी एखादा त्याला पटला नाही, तर तो टोपी काढून काखेत धरून परत येई. मग तो घोडा वगळायचा. स्वतः नाल मारलेल्या घोड्याबद्दल मात्र तो कधी बरेवाईट बोलत नसे. ते त्याला गैर वाटे.

कारण विचारायचे नाही, हा नियम घड्याळजीनेच पहिल्या वर्षी घातला होता. "कारण ऐकलं की माझं गणित भरकटतं," तो म्हणाला होता. "तुम्ही फक्त हो किंवा नाही सांगा."

"तुमचा खेळ, तुमचा कायदा, दाजी," दादा म्हणाला होता, आणि अकरा वर्षे त्याने तो पाळला.

अकराव्या वर्षी एका शनिवारी दादाने पाचव्या शर्यतीतला घोडा काढायला लावला आणि नेमका तोच जिंकला. बाकीच्या चार शर्यती बरोबर आल्या होत्या. असे पूर्वीही झाले होते, पण या वेळी ते घड्याळजीच्या मनात काट्यासारखे सलत राहिले. त्या आठवड्यात त्याने अकरा वर्षांचे शनिवारचे कागद काढले. जॅकपॉटची आखणी तो वहीत न करता सुट्या कागदावर करी. दादाने वगळलेल्या घोड्याभोवती गोल असे आणि संध्याकाळी निकाल बाजूला लिहिलेला असे. त्याने सगळे गोल मोजले. शहाण्णव. त्यांतले सत्तावीस घोडे त्या त्या दिवशी जिंकले होते, म्हणजे शंभरात अठ्ठावीस. ज्यांच्याबद्दल दादा काहीच बोलला नव्हता, ते शंभरात एकोणतीस. त्याने दोनदा मोजले, तिसऱ्यांदा बायकोला मोजायला बसवले. उत्तर तेच आले.

"मग काय झालं?" बायको म्हणाली. "एका आकड्याचा तर फरक."

"तेच तर. फरकच नाही."

"दादाला सांगू नका."

"खरं आहे ते सांगायला काय हरकत आहे?"

तिने कागद जुळवून त्याच्यापुढे ठेवले आणि उठून गेली.

पुढच्या शनिवारी तिसऱ्या शर्यतीत एक तांबूस घोडी होती. मागच्या दोन धावांत तिने घेतलेल्या वेळा पाहता तिच्यावर दोन किलो वजन कमी पडले होते. अकरा वर्षांत इतका स्वच्छ बँकर त्याला सापडला नव्हता. तिकिटे काढायला टोटच्या खिडकीपाशी रांग होती. घड्याळजीच्या मागे शनिवारचा नेहमीचा शिंपी उभा होता. त्याच्या थट्टेचे माप कधी चुकत नसे.

दादा पॅडॉककडून आला. टोपी काखेत.

"तिसरीतली," तो म्हणाला. "नको."

"दादा, मी मोजलंय."

"काय मोजलंय?"

"तुमचे नकार. शहाण्णव आहेत. त्यातले सत्तावीस घोडे जिंकले. तुम्ही ज्यांना काही म्हटलं नाहीत, तेही तितकेच जिंकतात. टोपी डोक्यावर असली काय आणि काखेत असली काय, काही फरक पडत नाही."

शिंपी खदखदून हसला. "म्हणजे अकरा वर्षं टोपी नुसती हवेशीर ठेवली म्हणायची!"

रांगेतले आणखी दोघे-तिघे हसले. दादाही थोडा हसल्यासारखा झाला. मग त्याने विचारले, "सगळं लिहिलेलं आहे?"

"तारीखवार."

"मग बरोबरच असेल, दाजी." त्याने टोपी डोक्यावर घातली. "तुमचं गणित कधी चुकत नाही."

तांबूस घोडी पाऊण घोड्याच्या लांबीने जिंकली. वहीत तिची वेळ आहे, आणि त्या अंतरासाठी त्या वर्षातली ती सर्वांत चांगली वेळ आहे. त्याच पानावर तिने शेवटचे दोनशे मीटर किती वेळात काटले याची वेगळी नोंद आहे. घोडी विजयाच्या खांबापुढे वीसेक पावले जाऊन थांबली, तिला सांभाळणारा मोतद्दार धावत गेला, आणि दादा कठड्याखालून वाकून आत शिरला, याची नोंद नाही. त्या वेळी घड्याळजी मान खाली घालून लिहीत होता.

दादा परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही गुडघ्यांना माती लागली होती.

"तिचा पाय गेला, दाजी."

"हं," घड्याळजी म्हणाला. "चौथीत आपले चार आहेत ना? चारातला एक तरी यायला हवा."

तो आला. पाचवीतलाही आला. पाचच्या पाच शर्यती लागल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदाच. शिंप्याने घड्याळजीला मिठी मारली. दादा तोवर निघून गेला होता.

त्याचा अर्धा वाटा घड्याळजीने बायकोच्या हाती पाठवला. तिने तो संध्याकाळी तसाच परत आणला. "म्हणाला, मी तर नको म्हटलं होतं. मग त्यात माझं काय?"

"रागावलाय?"

"रागावला असता तर मी समजूत घातली असती," ती म्हणाली. "तो नीट बोलला. चहा केला. नीट बोलला म्हणूनच मला भीती वाटते."

पुढची नऊ वर्षे दादा नीटच बोलला. भेटला की दुकानाची चौकशी करी, दाजींची तब्येत विचारी. रेसकोर्सच्या कठड्यापाशी मात्र तो पुन्हा उभा राहिला नाही. घड्याळजीने एकदोनदा विषय काढला, तर तो म्हणे, "माझ्यावाचून तुमचं काय अडतं?" आणि हे टोमणा म्हणून नव्हे, खरेच तसे वाटत असल्यासारखे म्हणे. घड्याळजी एकट्याने जॅकपॉट आखू लागला. एकट्याने आखलेला जॅकपॉट लागला की सांगायला कुणी नसते आणि हुकला की भांडायला कुणी नसते, हे त्याला दोन-तीन वर्षांत कळले. मग त्याने तिकिटे काढणे सोडले. वेळा तेवढ्या घेत राहिला.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान विकायचे ठरले, तेव्हा वह्यांचे काय करायचे हा प्रश्न आला. कुणाच्याही हाती दिल्या तरी उपयोग व्हावा, म्हणून तो दुपारी बसून सगळ्या घोड्यांची सूची करू लागला: कोणता घोडा, कोणत्या वहीत, पान कितवे, पहिली धाव, शेवटची धाव. तांबूस घोडीशी तो थबकला. तिच्या पानावर सातच ओळी होत्या. सातवी त्या शनिवारची. खाली पान कोरे.

त्याने शनिवारचे जुने कागद पुन्हा काढले. त्यांतला एक गोल घेतला आणि त्या घोड्याचे वहीतले पान उघडले. मग दुसरा गोल, मग तिसरा. या कामाला तीन आठवडे लागले. शहाण्णवांपैकी अठ्ठावन्न घोडे त्या दिवसानंतर दोन महिन्यांच्या आत मैदानावरून नाहीसे झाले होते, आणि त्यांतले बहुतेक कायमचे. ज्यांच्याबद्दल दादा बोलला नव्हता, त्यांच्यात हे प्रमाण शंभरात पंधराच्या वर जात नव्हते.

चूक बेरजेत नव्हती. सुट्या कागदांवरचा हिशेब त्याच संध्याकाळी मिटत असे, आणि घोड्याचे पुढचे आयुष्य वहीत होते. दोन्ही एकाच कपाटात, एका हाताच्या अंतरावर होते. अकरा वर्षांचे कागद तीन-तीनदा मोजणाऱ्या माणसाने एकदाही वही उघडली नव्हती.

त्याने बायकोला दाखवले. तिने चष्मा लावून सगळे वाचले.

"मला काय दाखवता?" ती म्हणाली. "ज्याला दाखवायचं त्याला दाखवा. मीही येते."

दादाच्या घरी तीन पायऱ्या चढून जावे लागे, आणि आता स्वतः दादालाच त्या जड जात होत्या. चाळीस वर्षे घोड्याचा पाय मांडीत धरून वाकल्याने त्याची कंबर गेली होती. तो खिडकीशी बसला होता. बहीण आत स्वयंपाकघरात गेली. घड्याळजीने कागद त्याच्या हातात दिला आणि काय मोजले ते समजावून सांगितले. दादाने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, थोडे जास्त असतील."

"तुम्ही पाय बघत होतात."

"मग काय तोंड बघणार? मी नालबंद आहे, दाजी." इतक्या वर्षांनी त्याच्या आवाजात जुनी थट्टा आली आणि लगेच मावळली. "कोणता जिंकेल ते मला कधीच कळलं नाही. ते तुमचं काम. कोण पाय जपून टाकतोय, एवढं दिसायचं. अशा घोड्यावर आपण पैसे लावू नयेत असं वाटायचं. बस."

"एकदा तरी सांगायचं होतंत."

"कारण सांगायचं नाही, असं ठरलं होतं ना."

आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला. बहीण ऐकत असावी.

"शनिवारी चला माझ्याबरोबर," घड्याळजी म्हणाला. "तिकीट नाही काढायचं. नुसतं कठड्याशी उभं राहू."

दादाने मान हलवली. "आता मला दिसत नाही."

"मोतीबिंदू? माझाही…"

"डोळे बरे आहेत." त्याने कागदाची घडी घातली. "त्या दिवसानंतर मी नको म्हणणं सोडलं. तबेल्यातसुद्धा. मालक विचारायचे, शनिवारी याला पळवू का? मी घोड्याला चालवून बघायचो. अगदी जिभेवर यायचं. मग वाटायचं, शंभरात अठ्ठावीस आणि एकोणतीस. आपल्याला कळतं हा नुसता भ्रम. आणि सांगायचो, तुम्हीच बघा. असं सांगता सांगता दिसेनासंच झालं."

"आणि ते घोडे?"

"पळवले."

"किती?" घड्याळजीने विचारले, आणि शब्द तोंडातून जाताच त्याला स्वतःची शरम वाटली.

"मी मोजले नाहीत," दादा म्हणाला. "आठवतात मात्र."

मग दादाने हातातला कागद उलटा करून कोरी बाजू त्याच्यापुढे धरली. "तुमच्याकडे पेन्सिल असेल. लिहून घ्या. कुठेतरी लिहिलेले असू देत."

घड्याळजीने कागद गुडघ्यावर ठेवला.

"कपाळावर ठिपका असलेला काळा. पुढचा उजवा. मोडला नाही, पण पुन्हा पळला नाही." दादा एकेक आठवून सांगू लागला. "राखाडी घोडी, पुढचा डावा. तिला दुसऱ्या दिवशी संपवावं लागलं. मग तो उंच, घाबरट. तोही पुढचा डावा. मग दोन भाऊ होते, एकाच आईचे."

घड्याळजी वाकून, डोळे कागदाला भिडवून लिहीत होता. अक्षर ओळीबाहेर जात होते. सहाव्या घोड्यापाशी दादा अडला. पाय आठवत होता, तबेल्यातली जागाही आठवत होती, घोड्याचा रंग काही केल्या आठवेना.

"थांबा जरा," तो म्हणाला.

"सावकाश आठवा, दादा," घड्याळजी म्हणाला, आणि वाट पाहत बसला.