काटा लाल रेषेवर

३ मे. लोणच्यासाठी खडे मीठ बरणीत भरताना पेणहून रोह्याला निघालेली ती संध्याकाळ आठवली. मागच्या सीटवर धाकट्या बहिणीला कळा येत होत्या. नागोठण्याच्या पुढे अंधारलं म्हणून मी गाडीचे दिवे लावले, तर इंजिनाच्या तापमानाचा काटा थेट लाल रेषेवर गेला. मी गाडी कडेला घेतली. "थांबू नको गो ताई, मला सोसवत नाय!" ती ओरडली. "इंजिन जळलं तर इथंच बाळंत होशील," म्हणत मी बॉनेट उघडलं. वाफ नव्हती, पाणीही पुरेसं होतं. परत बसून दिवे बंद केले, तर काटा खाली आला. लावले, की पुन्हा वर. म्हणजे इंजिन तापलं नव्हतं, दोष वायरिंगचा होता. दिवे लावूनच निघालो, तरी रोह्याच्या अलीकडचा अष्टमी गावाचा पूल येईपर्यंत माझी नजर त्या काट्यावरून हटली नाही. दवाखान्यात पोचताच भाची झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॅशबोर्डखालचं मॅटिंग उचललं. काट्याची आणि दिव्यांची अर्थिंगची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा बोल्ट गंजाने खाल्ला होता, म्हणून दिवे लावले की काटा चढायचा. दर उन्हाळ्यात मिठागरावरून मिठाची ओली गोणी मीच तिथे ठेवून आणत असे. बोल्ट पॉलिश पेपरने घासून घट्ट केला, दिवे लावले. काटा जागचा हलला नाही. मग हात धुतले आणि भाचीला नीट बघायला गेले.