पावसात घेतलेल्या मुलाखती

'बसथांब्यापासून शाळा सात मिनिटांवर' हे वाक्य माझं. खोटं लिहिलं नव्हतं. घड्याळ बघून चाललो होतो, तेही वैशाखाच्या उन्हात, आणि वाटेत जो कालवा लागला तो घाम पुसत कोरड्याठाक तळातून ओलांडला होता. कावेरीच्या मुलखातल्या माणसाला वैशाखातला कालवा आणि आषाढातला कालवा यांतला फरक सांगावा लागू नये. पण मी पडलो तंजावूर शहरातला. आमच्याकडे पाणी नळाला येतं.

ही १९५६ सालची गोष्ट. मी श्रीनिवासरावांच्या कचेरीत नवाच कारकून लागलो होतो. श्रीनिवासराव आमच्यातलेच, मराठी. भाताच्या गिरणीचे मालक, आणि तिरुवैयारुच्या पलीकडे एका खेड्यात त्यांच्या वडिलांनी काढलेल्या हायस्कुलाचे सेक्रेटरी. शाळेला गणिताचा मास्तर हवा होता, जाहिरात मी लिहिली. सात मिनिटं, नदीकाठची हवा, राहायला खोली.

ती वाचून गुरुमूर्ती नावाचे मास्तर कोइमतूरहून आले. जूनची अखेर होती. मेट्टूर धरणाचं पाणी सुटलेलं, कालवा काठोकाठ. मास्तर, त्यांची नवी नवरी, दोन ट्रंका आणि एक पितळी देव्हारा असे सगळे काठावर उभे राहून माझी सात मिनिटं शोधत होते. बांधावरून वळसा दीड मैलाचा. ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे पाऊस लागला की बांधही पाण्याखाली जातो. तो गेला, आणि मागोमाग मास्तरही गेले.

त्यांचा राजीनामा घेऊन कचेरीत आले ते तुळजाराममामा. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर दुमडलेलं पोतं. मामा म्हणायचं ते वयाच्या मानाने. नातं काही नव्हतं. शाळेचे कारकून तेच, घंटा वाजवणारे तेच, पाहुण्यांना वाट दाखवणारेही तेच. गावातले तमिळ लोक आम्हा मराठी माणसांना म्हणतात तसं त्यांना 'रायर' म्हणत. शाळेच्या मागच्या गळक्या खोलीत ते आणि नागलक्ष्मीमामी राहत. सहा वर्षं झाली होती, आणि कागदावर अजून 'तात्पुरता' होते.

"दोन वर्षांत हा पाचवा," त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "जाहिरात कुणी लिहिली हो?"

"मी."

"छान लिहिलीस रे. वाचून मलाच वाटलं, नोकरी सोडून इथे अर्ज करावा."

श्रीनिवासराव हसले. मी कागदांत तोंड घातलं.

"हसू नका, राव," मामा म्हणाले. "मुलाखती मे महिन्यात तंजावुरात पंख्याखाली घेता. पोरगी दाखवताना बोळकी आजी आत लपवून ठेवावी तसं आपलं चाललंय. लग्नानंतर आजी निघतेच की बाहेर! मुलाखती ऐप्पसीत घ्या, शाळेतच. मी दाखवतो सगळं. राहील तो राहील."

"एकही राहायचा नाही."

"मग आत्ता तरी कोण राहतंय?"

श्रीनिवासरावांनी जरा विचार केला आणि माझ्यासमोर म्हणाले, "ठीक. तीन वर्षं एकही मास्तर पळाला नाही तर कायम कारकुनाची ऑर्डर तुझी. शब्द माझा."

आमच्या संस्थेत पन्नाशीनंतर कुणाला कायम करत नाहीत. मामा तेव्हा चव्वेचाळीस संपून पंचेचाळिसात होते. हिशेब सोपा होता, आणि हाताशी वेळही भरपूर होता.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पहिल्या मुलाखती शाळेत झाल्या. कागदपत्रं सांभाळायला मी होतो, म्हणून सांगतो. मामा बसथांब्यावर उभे राहत. उमेदवार उतरला की पहिलं वाक्य: "वहाणा हातात घ्या, सामी." मग बुडालेला बांध, काठीने वाट चाचपत. मग राहायची खोली, आणि तिथल्या आढ्याकडे बोट: "इथे साप निघतो. धामण आहे, काही करत नाही. पण निघतो." मग विहीर. मग नववीचा वर्ग, बासष्ट पोरं, आणि त्यात मागच्या बाकावरची तीन वांड. खडू हातात देऊन मामा बाहेर. दोन तास. त्यानंतर मामींच्या हातचं जेवण, सांबार, डांगर पच्चडी, ताक, आणि शेवटी मामांचं ठरलेलं बोलणं:

"आता चांगलंही सांगतो. पोरं वाह्यात आहेत, पण शिकतात. गावातले लोक भाजी-तांदूळ आणून टाकतात, मागावं लागत नाही. बस चारला आहे. जायचं तर मी पोचवीन. लाजू नका. आज गेलात तर तुमचा एक दिवस जाईल. नोव्हेंबरात पळालात तर पोरांचं वर्ष."

त्या वर्षी नऊ जण आले. सहा जण चारच्या बसने गेले. एक तर जेवायलाही थांबला नाही. मामींनी त्याला दहीभात केळीच्या पानात बांधून दिला. तिघे राहिले. आणि राहिले म्हणजे राहिलेच. साप निघाला की कचेरीत तक्रारी येत त्या बंद झाल्या; त्यांना तो आधीच ओळखीचा होता. दहावी-अकरावीचे निकाल सुधारले. श्रीनिवासराव दुसऱ्या शाळांच्या सेक्रेटऱ्यांना सांगू लागले, "आमची पद्धत आहे." 'आमची' म्हणताना छातीवर हात.

तीन वर्षं १९६१ च्या सुरुवातीला पुरी झाली. मामांनी विचारलं. कायम जागेला सरकारची मंजुरी यायची आहे, म्हणून श्रीनिवासरावांनी सांगितलं. ते खरंच होतं. पुढच्या पोंगलला, म्हणजे संक्रांतीला, मामांना पन्नास पुरी होणार होती, तोवर जवळजवळ वर्ष होतं. मामींनी तिरुवैयारुत बहिणीच्या शेजारी दोन खोल्याही बघून ठेवल्या. गळत नाहीत एवढंच त्या सगळ्यांना सांगत.

मंजुरी ऑगस्टात आली. ऑर्डर मीच टाइप केली. नाव श्रीनिवासरावांच्या मेव्हण्याच्या मुलाचं, रुजू व्हायचं जानेवारीत.

मी कागद मशीनवरून काढला, पण पुढे केला नाही. श्रीनिवासरावांनीच हात लांब केला.

"तुळजारामाला एवढ्यात बोलू नकोस," ते सही करता करता म्हणाले. "नोव्हेंबरात दोन मास्तर घ्यायचेत. त्याच्यासारखं फिरवणार कोण? जानेवारीत मी सांगेन त्याला समजावून. आपलाच माणूस आहे."

मी मान हलवली. माझीही नोकरी होती, आणि ती कायम होती.

गणेश चतुर्थीला मामींनी मोदक खायला बोलावलं, मी गेलो. दिवाळीला चिरोटे, तेव्हाही गेलो. न जावं तर संशय येईल, असं मी मनाशी म्हणत होतो. चिरोटे उत्तम झाले होते हेही खरं.

नोव्हेंबरात मुलाखतींच्या दिवशी बांधावर माझा पाय घसरला आणि मी छातीभर पाण्यात गेलो. दोघे उमेदवार बघत राहिले. मामांनी काठीने ओढून काढलं. "बघा," ते त्यांना म्हणाले, "हे आमचे तंजावूरचे साहेब. यांना सात मिनिटं लागतात." खोलीवर नेऊन त्यांनी मला आपलं कोरडं धोतर दिलं, काठाचं, सणावारी नेसायचं. दुसरं वाळलेलंच नव्हतं.

ते नेसून मी बाहेर आलो. दोघांतला तरुण उमेदवार मामांना विचारत होता, "तुम्ही किती वर्षं आहात इथे?"

"अकरा."

"कायम?"

"पोंगलच्या आत होईन," मामा म्हणाले. तोच आवाज. सापाबद्दल सांगताना असायचा तसाच, खात्रीचा.

दोघांना वर्गात सोडून ते परत आले, आणि मी सांगून टाकलं. धीर आला म्हणून नव्हे. तो आवाज पुन्हा ऐकवला नसता म्हणून.

मामा खाटेच्या कडेवर बसले.

"कुणाला दिली?"

मी नाव सांगितलं.

"सही झाली?"

"झाली."

"कधी?"

"ऑगस्टात."

मामा श्रीनिवासरावांना शिव्या देतील म्हणून मी वाट पाहत होतो. मीही दोन जोडल्या असत्या. पण ते माझ्याकडेच बघत होते.

"म्हणजे मोदक खाल्लेस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो, मामा."

"दिवाळीला?"

"हो."

मामी चुलीपाशी होत्या. हातातली पळी तशीच. "बहिणीला मी आगाऊ सांगून बसले रे," एवढंच म्हणाल्या. मग सांबार ढवळू लागल्या, उमेदवारांना वाढायचं होतं.

जेवणं झाली. मामांनी नेहमीचं बोलणं केलं, पोरं, भाजी-तांदूळ, चारची बस. शेवटी म्हणाले, "आणखी एक. इतकी वर्षं हे दाखवत नव्हतो, कारण मलाच दिसलं नव्हतं. इथे तोंडी शब्दावर राहू नका. जे कबूल करतील ते कागदावर मागा, सहीसकट. नाही दिलं तर चारची बस आहेच." मग माझ्याकडे बोट. "हे कचेरीचे. विचारा यांना, खरं की खोटं."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरं," मी म्हणालो.

वयाने मोठा उमेदवार चारच्या बसने गेला. तरुण राहिला, पण पगार, रजा, खोली सगळं लिहून घेऊन. श्रीनिवासराव चिडले. "त्याला सांगितलं कोणी?" म्हणून मला विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही. हे मामांना कळलं नसेल अशी आशा आहे.

पोंगलच्या आधीच मामांनी खोली सोडली. मामींच्या भावाकडे ओरत्तनाडूला गेले. नव्या कारकुनाला त्यांनी सगळं दप्तर समजावून दिलं, कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या. मुलाखती मात्र पुन्हा मे महिन्यात होऊ लागल्या, तंजावुरात, पंख्याखाली. नव्या कारकुनाला चिखलाचं वावडं आहे.

मामांनी सामान हलवलं त्या दिवशी मी गेलो नाही. ओरत्तनाडूची बस आमच्या गल्लीच्या तोंडावरून सुटते. दोनदा थांब्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. त्यांचं काठाचं धोतर धुऊन, घडी करून माझ्या ट्रंकेत आहे. या पोंगललाही मामा त्या धोतराविनाच सण करतील.